जिवंत वजन

१

आमच्या घरात आईचं वजन शेडमध्ये व्हायचं. दर रविवारी सकाळचा चहा झाला की ती हात पुसत मागच्या दाराने बाहेर यायची. बाबा जॅक लावून होडीच्या ट्रेलरचं नाक वीतभर उचलायचे, नाकाखालचा वजनकाटा मी पायाने बाहेर सरकवायचा आणि आई त्यावर उभी राहायची. बाबा वाकून आकडा वाचायचे, शेडच्या लोखंडी दारावर खडूने लिहायचे. मग काटा परत नाकाखाली.

काटा मूळचा बाथरूममधला. बाबांनी होडीसाठी उचलून आणला आणि परत न्यायचं नाव नाही, म्हणून आईनेच शेडमध्ये यायचं. आमच्याकडे गोष्टी अशाच ठरतात.

बाबांनी चौतीस वर्षं काटे दुरुस्त केले. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. निवृत्त झाल्यावर बाकीची माणसं झोपा काढतात, यांनी होडी आणली. बारा फुटी, फायबरची, कुणाच्या तरी परसात सात वर्षं उपडी पडलेली. सोबत गंजका ट्रेलर. "सगळं घरच्या घरी करायचं," बाबा म्हणाले. घरच्या घरी म्हणजे मी. तिसऱ्या सत्रानंतर मी कॉलेज सोडलं होतं आणि बाबा लोकांना सांगायचे की मुलाला सुट्टी आहे. अकरा महिने मला सुट्टी होती.

लग्न झालं तेव्हा त्यांनी आईला कबूल केलं होतं, तलावावर नेईन, आपल्या स्वतःच्या होडीतून. सव्वीस वर्षांत जमलं नाही. आईने कधी आठवणही करून दिली नाही. आमच्या घरात आठवण करून देणारा माणूसच वाईट ठरतो.

"बावन्न," त्या रविवारी बाबा म्हणाले.

आई पायांकडे बघत राहिली. "मागच्या वेळी चोपन्न होते ना?"

"उन्हाळा आहे."

"गाऊन तर उलट घट्ट होतोय मला."

"मग काय वाईट आहे? उतर आता. नाक किती वेळ हवेत ठेवू?"

२

ट्रेलर रस्त्यात उलटतात ते वजन चुकल्यामुळे, हे बाबांचं आवडतं वाक्य. नाक हलकं राहिलं की ट्रेलर मागे शेपटीसारखा झुलतो. नाक जड झालं की गाडीच खाली बसते. म्हणून दोन्ही चाकांखाली त्यांनी गोदामातले जुने, गोल तबकडीचे काटे घातले होते आणि नाकाखाली बाथरूमचा. तिन्हींची बेरीज म्हणजे होडी आणि ट्रेलर मिळून एकूण वजन. जे जे बसवायचं ते आधी तोलायचं. नवी बेअरिंगं, होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या विंचला दोरीच्या जागी पट्टा, होडी सरकायला रबरी रोलर, सडलेल्या तळाच्या जागी नवा प्लाय. बेअरिंगमध्ये ग्रीस भरायच्या आधी मी डबा तोलायचा आणि भरून झाल्यावर पुन्हा तोलायचा. असल्या कामात माझं विसावं वर्ष गेलं.

दारावरच्या हिशेबाने त्या दिवशी तीनशे बारा किलो यायला हवे होते. तीनशे चौदा आले.

"दोन जास्त आहेत," मी म्हणालो.

"प्लायने ओल धरली असेल."

"उन्हाळा आहे. मघाशी तुम्हीच म्हणालात."

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते उकिडवे बसले आणि नाकाखालच्या काट्याचा शून्याचा स्क्रू फिरवायला लागले. काट्यावर काही नसताना तो काही दाखवत असेल तर हा स्क्रू फिरवून त्याला शून्यावर आणायचं असतं. साध्या घरगुती काट्यात तो चार-पाच किलोंच्या पुढे सरकत नाही. आमच्या काट्यात बाबांनी स्वतःच्या हाताने लांब स्क्रू बसवला होता, असू दे म्हणून. माझ्या बापाचा स्वभाव विचारलात तर मी हा स्क्रू दाखवेन. माझं कॉलेज सुटलं, यांनी स्क्रू फिरवला. आई वर्षभर गुडघे धरून जिना चढली, यांनी स्क्रू फिरवला. जे दिसायला नको ते शून्य.

"झाले तीनशे बारा," ते म्हणाले. "रोलर आण."

३

पुढच्या रविवारी आई एकोणपन्नास भरली. त्याच्या पुढच्या रविवारी सेहेचाळीस.

मीच तिला दवाखान्यात नेलं. बाबा सोबत आले, बहुतेक मी काही बोलू नये म्हणून. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, पोट बघितलं. सगळं स्वच्छ. डॉक्टरांनी तिला त्यांच्या काट्यावर उभं केलं. सेहेचाळीस. त्यांनी आकड्याकडे बघितलं, मग आईकडे.

"कुणी पाहिलं तर पन्नासच्या वरच म्हणेल," ते म्हणाले. "आमचा काटा बिघडलेला दिसतो. तुम्ही याच कामातले ना? बघता का जरा?"

बाबांच्या खिशात पेचकस होताच. ते लगेच खाली बसले.

"झालं," आई म्हणाली, "माहेरी नेलं तरी हे आधी काटा शोधतील." डॉक्टर हसले. मी हसलो नाही.

कारण ती खरंच बारीक झाली नव्हती. अंगठी बोटात तशीच रुतलेली. दंड तसेच, गाल तसेच. बदलले होते ते आवाज. बाथरूमच्या उंबऱ्याजवळ एक फरशी सुटलेली आहे, पाय पडला की टक वाजते. माझ्या पायाखाली वाजायची, बाबांच्या पायाखाली वाजायची, आईच्या पायाखाली वाजेनाशी झाली. तिच्या चपलांची फटफट घरभर असायची, ती थांबली. ती पलंगावर बसली तर गादी दबायची नाही. चादर अगदी ताणलेली आणि वर आई, जशी काही कुणी तिथे ठेवलेली.

"चोरासारखी काय येतेस गं?" मी एकदा दचकून म्हणालो. ती माझ्या मागेच उभी होती.

"अरे, रोजच्यासारखीच आले की." मग हळूच म्हणाली, "खरं सांगू? बरं वाटतंय मला. जिना चढताना दम लागत नाही. गुडघे तर मला आहेत हेच विसरले मी. कशाला बोंब मारायची?"

"तीन आठवड्यांत आठ किलो गेलेत, आई."

"जाऊ देत. कुठे तरी असतीलच."

हे ती सहज बोलली. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

४

दारावर बाबांचे दोन रकाने होते. डावीकडे होडीत हिशेबापेक्षा जास्त आलेले किलो, स्क्रू फिरवायच्या आधीचे. लपवायचं असलं तरी आधी लिहायचं, ही त्यांची धंद्याची सवय. उजवीकडे आई, काटा पुन्हा शून्यावर आणून तोललेली.

दोन, पाच, आठ. बावन्न, एकोणपन्नास, सेहेचाळीस.

मी कॉलेज सोडलं असलं तरी बेरीज येते मला. प्रत्येक ओळीत चोपन्न.

मी दाराशी उभा राहून स्वतःची समजूत घातली. उन्हाने स्प्रिंग ढिली पडते. फायबरवर लावलेलं रेझिन वाळायला वेळ लागतो. योगायोग तीनदा होऊ शकतो. पण नाकाखालचा काटा आणि आईचा काटा एकच होता, आणि एकच काटा एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त दाखवत नाही.

माळ्यावर बाबांची लाकडी पेटी होती, तपासणीच्या वजनांची. लहानपणी हात लावला की मार पडायचा. मी ती खाली आणली, काटा नाकाखालून काढला, शून्यावर आणला आणि त्यावर एकेक वजन ठेवत गेलो. पाच. दहा. वीस. तीस. सुई प्रत्येक ठिकाणी केसाचाही फरक न करता उभी राहिली.

"काय सिद्ध करतोयस?" बाबा दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही.

"काटा बरोबर आहे."

"माझा काटा आहे. बरोबरच असणार."

"मग आई कुठे चाललीय?"

त्यांनी पेटीजवळ बसून वजनं एकेक करून खाचेत ठेवली, फडक्याने पुसून, नेहमीसारखी.

"रेझिन कालवलेलं आहे," ते म्हणाले. "घट्ट व्हायच्या आत लाव."

असा माणूस. बायको किलोकिलोने संपतेय आणि याला रेझिनची काळजी. मी ब्रश उचलला, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. याचाही मला रागच आहे.

५

त्या आठवड्यात बाबांनी पुढची सीट करायला घेतली.

आधी होडीत फक्त आडव्या फळ्या होत्या. आता नाकाकडच्या बाजूला त्यांनी प्लायची पेटी केली, वर फोम, फोमवर निळं रेक्झिन. पाठीला टेकण. उजव्या हाताला धरायला पाइप, वाकवून, घासून, टोकं गोल केलेला. बाबांनी आयुष्यात इतक्या मऊ हाताने काही केलेलं मी पाहिलं नव्हतं. पेटीची उंची त्यांनी तीनदा बदलली.

"कुणाच्या मापाने करताय?" मी विचारलं.

"जिला बसायचंय तिच्या."

"तिचं माप घेतलंत कधी?"

"घेतलंय."

सीट शुक्रवारी संध्याकाळी बोल्टने बसवली. शनिवारी सकाळी मी शेड उघडली तेव्हा चाकांखालचे काटे शुक्रवारपेक्षा खाली आले होते आणि नाकाखालचा चढला होता. एकूण बेरीज तीच. फक्त वजनाने जागा बदलली होती. आत्तापर्यंत ते होडीच्या मधोमध कुठेतरी असायचं. आता पुढे.

ट्रेलरच्या स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. मी कुठेही हात लावलेला नव्हता.

मग मला सुई दिसली. मी लहान असताना बाबा मला बाजारात घेऊन जायचे, बोकड तोलायच्या मोठ्या काट्याजवळ. ते सांगायचे, पोत्याची सुई थांबते, जनावराची थांबत नाही. ते श्वास घेतं, अंग चोरतं, सुई हलत राहते. त्यांच्या धंद्यात याला जिवंत वजन म्हणतात. जिवंत वजन तोलताना डोळे बारीक करून सुईच्या झोक्याचा मध्य पकडायचा असतो.

नाकाखालची सुई झुलत होती. थोडी पुढे, थोडी मागे. मी माझा श्वास रोखून धरला, म्हटलं माझ्यामुळे जमीन हलत असेल. सुई झुलतच राहिली, सावकाश, सारख्या अंतराने.

घरात आई कुकर घासत होती. तो आवाज येत होता. तिचा नव्हता येत.

६

रविवारी बाबांनी नाक उचललं. मी काटा सरकवला. आई उभी राहिली.

"एकेचाळीस," बाबा म्हणाले आणि खडू शोधायला वळले.

मी सुईकडे बघत होतो. एकेचाळीसवर ती आली आणि थांबली. चिकटवल्यासारखी. आई बोलत होती, "नळाचा वॉशर गेलाय, प्लंबरला बोलवा कुणीतरी," हात हलवून सांगत होती, एकदा खांदाही खाजवला तिने. सुई थांबलेलीच.

"आई, जोरात श्वास घे."

"काय?"

"घे ना."

तिने घेतला. छाती वर गेली, खाली आली. सुई पोत्यासारखी उभी.

बाबांनीही बघितलं. मला खात्री आहे त्यांनी बघितलं, कारण त्यांनी एकेचाळीसातला एक लिहिला आणि खडू तसाच दारावर टेकवून ठेवला. नंतर दारावर पांढरा ठिपका राहिला होता तिथे.

"काय झालं रे दोघांना?" आई म्हणाली. "तोंडं बघा. मी मेले का काय?"

७

बुधवारी बाबा न गंजणारे बोल्ट आणायला गेले तेव्हा मी वेल्डरला बोलावलं. आमच्या व्हॅनला मागे हूक त्यानेच लावून दिला होता, आणि तेव्हापासून होडीवर त्याचा डोळा होता.

"फुकट?" तो म्हणाला. "बाप सोलेल तुला."

"सोलू दे. तू घेऊन जा. लांब."

त्याने जीप मागे घेतली, ट्रेलर हुकात अडकवला. चाकं काट्यांवरून खाली उतरली, जीप फाटकाकडे निघाली. शेडपासून फाटक चाळीस पावलं. वीस पावलांवर स्वयंपाकघरातून भांडी पडल्याचा आवाज आला.

मी धावलो. आई ओट्याजवळ नव्हती. ती खिडकीशी होती, फाटकाकडच्या खिडकीशी, दोन्ही हातांनी गज धरून. चेहरा गजांवर दाबला गेला होता. पाय जमिनीला टेकलेले होते, पण ते तिने टेकवलेले वाटत नव्हते.

"काय करताय बाहेर?" ती म्हणाली. आवाज घुसमटलेला. "थांबवा रे. जे काय करताय ते थांबवा."

मी खिडकीतून ओरडलो. जीप थांबली. आईचे हात तरीही गजांवरून सुटेनात. मी वेल्डरला खुणेने मागे ये म्हटलं आणि ट्रेलर एकेक पाऊल मागे आला तशी ती खिडकीपासून सुटली. शेवटी खुर्चीत बसली. खुर्ची वाजली नाही.

"चक्कर आली असेल," ती म्हणाली आणि कपाळावर उठलेला गजाचा वळ चोळत राहिली.

बाहेर वेल्डर हूक सोडवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "आत कुणाला बसवलंयस?"

"कुणी नाही. रिकामी आहे."

"वीस वर्षं गाड्या ओढतोय मी. रिकाम्याची ओढ वेगळी असते." त्याने हात पॅंटला पुसले. "तुझी होडी तुलाच लखलाभ. बापाला काही सांगू नकोस मी आलो होतो ते."

बाबा आले. चाकं काट्यांवर बोटभर तिरकी बसली होती. त्यांनी ती बघितली, जॅकने सरळ केली. मला वाटलं होतं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

८

एक उपाय उरला होता. सीट काढायची. तिला बसायला जागाच नसेल तर, असा काहीतरी तो विचार होता. विचार म्हणायची लाज वाटते, पण तेवढाच होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पाना घेऊन ताडपत्रीखाली शिरलो. होडीवर बाबांनी निळी ताडपत्री ताणून बांधली होती, आत सगळं निळं झालं होतं. कडक ऊन, रेझिनचा वास, रबराचा वास. मी गुडघ्यांवर रांगत पुढे गेलो, डोळे खालीच ठेवून, बोल्ट शोधत. स्वयंपाकघरात नळ चालू होता आणि आई खोकली. मी ते मुद्दाम ऐकलं. मनात म्हटलं, आई आत आहे. आई घरात आहे.

पहिला बोल्ट सापडला. पाना बसवला. अर्धा फेरा फिरवला आणि वर धरायला पाइप पकडला.

पाइप कोमट होता. ऊन होतं, कोमट असणारच. पण एका ठिकाणी जास्त कोमट होता आणि तिथे माझ्या बोटांना बोटं लागली.

मी मान वर केली. पूर्ण नाही. रेक्झिन दबलेलं होतं. त्याच्या वर पाठ, मानेवर नेहमीचा चिमटा, त्यातून सुटलेले दोन केस. पाइपवरच्या मनगटावर इस्त्रीचा तो जुना चटका. चेहरा पुढे होता, होडीच्या नाकाकडे. बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली की आई अशीच बसते. बाहेर बघत, हातात दांडा धरून, कुणाशी न बोलता.

तेव्हा तिने एवढंच केलं. ती थोडी सरकली. रेक्झिन कुरकुरलं, ट्रेलरचे पाटे कुरकुरले आणि तिच्या डाव्या बाजूला एका माणसापुरती जागा झाली.

माझ्यासाठी.

घरात आई पुन्हा खोकली आणि नळ बंद झाला.

मी उलटा रांगत बाहेर आलो. जाता जाता सैल केलेला बोल्ट मी पुन्हा आवळला. का, ते विचारू नका. ती पडली असती.

बाबा चाकाजवळ स्टुलावर बसून नव्या बोल्टांना ग्रीस लावत होते.

"दिसली?" ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"मला महिन्याभरापूर्वी दिसली. फळीवर बसली होती, मधोमध. अवघडून." त्यांनी एक बोल्ट उजेडात धरला. "तिची मान दुखते. टेकण चार बोटं वर घ्यायचंय."

"तुम्हाला माहीत होतं? आणि तुम्ही सीट करत बसलात?"

"दुसरं काय येतं मला?"

मी त्यांना काहीबाही बोललो. ते सगळं इथे लिहीत नाही. तुमच्यामुळे ती चाललीय, असंही बोललो. ते ग्रीस लावत राहिले.

"अर्धवट न्यायची नाही मला तिला," शेवटी ते म्हणाले. "पूर्ण झाली की नेऊ. एकदाच."

९

त्यानंतरचे चार रविवार मी दारावर बघितलंच नाही. टेकण मीच वर घेतलं. फोम जाड केला. पाइपला रबर गुंडाळलं, हात घसरू नये म्हणून. काम चांगलं झालं. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं आणि ते करताना मला रडूही आलं नाही.

घरात आम्ही पंखे बंद ठेवायला लागलो. खिडक्यासुद्धा. आई जिन्यावरून कठड्याला धरून उतरायची, पण वर जाणाऱ्यासारखा जोर लावून. बादली तिला उचलता येत नव्हती. ती बादलीला धरून उभी राहायची. दिसायला तीच. गाल तसेच, अंगठी तशीच.

पाचव्या रविवारी चहा झाल्यावर मी तिला कमरेला धरून शेडमध्ये आणलं. धरायची गरज आधारासाठी नव्हती. आधीच काटा काढून ठेवला होता. चाकांखालच्या सुया झुलत होत्या.

"आज किती भरतेय बघू," ती म्हणाली. "तुमची तोंडं बघून मला काही चांगलं ऐकायला मिळेल असं वाटत नाही."

ती काट्यावर उभी राहिली, माझा खांदा धरून. मी उकिडवा बसलो, तिचे पाय नीट ठेवतोय असं दाखवलं आणि काट्याच्या बाजूचा स्क्रू दोन बोटांत धरला. ती उभी राहिली तेव्हाचा आकडा मी बघितला नाही. सुई हळूहळू चढवत गेलो. तीस. चाळीस. बाबा दारापाशी खडू घेऊन उभे होते, त्यांना माझा हात दिसत होता. पन्नास. चोपन्नवर मी थांबलो.

"बघ," मी म्हणालो.

आई वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग हसली, अगदी मोकळं, वर्षानुवर्षांत हसली नव्हती तशी.

"भरून आलं की सगळं. उगाच घाबरवलंत मला."

"चोपन्न," बाबा म्हणाले आणि लिहिलं.

"उतर आता, आई."

ती उतरली. माझी नजर काट्यावरच होती. तिचा एक पाय निघाला, दुसरा निघाला. रिकामा काटा.

सुई हलली नाही. चोपन्नवरच होती.

वर ताडपत्रीखाली रेक्झिन कुरकुरलं.

बाबांनी खडू खिशात टाकला, व्हॅनची किल्ली खुंटीवरून काढली आणि माझ्यापुढे धरली. आई शेडच्या दारात उभी होती, चौकट घट्ट धरून, उन्हाकडे तोंड करून.

"आज जायचं ना तलावावर?" ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो आणि हूक लावायला गेलो.